फोटोपुरता हात

मी एक जुना संगणक आहे, असे म्हणून मला सुरुवात करता आली असती. पण मित्रांनो, जुने होण्यासाठी आधी वापरले जावे लागते. पायरी पावलांनी झिजते, खुर्ची बसणाऱ्यांच्या वजनाने कुरकुरू लागते, पुस्तकाची पाने बोटांनी मऊ होतात आणि मग त्यांना कुणी जुने म्हणते. मी मात्र आयुष्याची बहुतेक वर्षे नवाच होतो. त्या नवेपणाचा मला अजून राग येतो. तेव्हा ही हकिकत मी रागानेच सांगणार आहे. आवाज मात्र चढवणार नाही, कारण तो मला येत नाही. माझ्या पोटातल्या पंख्याची घरघर हाच माझा आवाज समजा.

माझा जन्म एका लांबच लांब दालनात झाला. पांढऱ्या प्रकाशाखाली टेबलांची रांग होती आणि प्रत्येक टेबलाशी निळा अंगरखा घातलेली एक बाई बसली होती. एकीने माझ्या पोटात मेमरीची पट्टी बसवली, दुसरीने पंखा, तिसरीने बाजूचे झाकण स्क्रूने आवळले. शेवटच्या टेबलावर तपासणी करणारी होती. तिने मला वीज दिली, पडदा उजळला, आणि तिने एकेक कळ दाबून पाहिली. तिचे काम तिथे संपले होते. पण माझ्या खोक्यावर शाळांसाठी असा शिक्का तिने पाहिला असावा. शेजारणीशी ती शाळेत जाणाऱ्या आपल्या लेकीविषयी बोलत होती, आणि बोलता बोलताच तिने माझ्या पडद्यावर लिहिले, ‘जा, पोरांना शिकव.’ मग स्वतःशीच हसून तिने ती ओळ पुसली आणि मला बंद केले.

तो मला मिळालेला पहिला हुकूम होता. तो पाळायला मी निघालो. खोक्यात, अंधारात, धक्के खात निघालो, तरी मला इतका आनंद पुन्हा कधी झाला नाही.

जिल्ह्याच्या शाळामंडळाने आम्हाला मागवले होते. मंडळाच्या हाताखाली कितीतरी शाळा होत्या. ज्या शाळेच्या वाट्याला मी आणि माझी भावंडे आलो, ती शहराच्या कडेला होती. वर्ग जमिनीलगत, पुढे लांब व्हरांडा, आणि व्हरांड्याच्या टोकाला आमच्यासाठी नव्याने रंगवलेली खोली. आम्हाला आत नेले तेव्हा मुले दोन्ही बाजूंना उभी होती. खोक्यांना हात लावण्यासाठी त्यांची बोटे पुढे येत होती आणि शिक्षकांच्या एका नजरेने मागे जात होती. मला वाटले, आज गर्दी आहे, उद्या येतील.

उद्या आला तो शिवणाच्या बाईंचा हात. त्यांनी आमची मापे घेतली. थोड्याच दिवसांत प्रत्येकाच्या अंगावर झालर लावलेले जांभळे आवरण चढले. खिडक्यांना पडदे लागले. दाराबाहेर चपला काढण्यासाठी चौकट आखली गेली आणि दारावर पाटी आली, ‘हात लावू नये.’ पाटीखाली कुलूप होते आणि कुलपाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात होती.

त्यांना सारे मोठे सर म्हणत. मुले मात्र त्यांच्या पाठीमागे त्यांना कुलूपसर म्हणत. माणूस वाईट नव्हता, हे मला सांगायला हवे, आणि ते सांगताना मला अधिकच चीड येते. वाईट माणसावर रागावणे सोपे असते. मोठे सर रोज सकाळी सर्वांच्या आधी येत, स्वतः कुलूप उघडत, आणि आवरणे एकेक करून उचलून आपल्या हातरुमालाने आमच्या काचा पुसत. लहान बाळाचे तोंड पुसावे तसे पुसत. मग आवरणे पुन्हा घालत आणि शिपाईकाकांना बजावत, की हे सगळे माझ्या सहीवर आले आहे, उद्या एखादे बिघडले तर मंडळाला काय तोंड दाखवू. शिपाईकाका मान डोलावत. ते थट्टेखोर होते. नवा कुणी शिक्षक आला, की ते त्याला आमची खोली दाखवत आणि म्हणत, हे आमचे पाहुणे, येऊन बसलेत, जायचे नाव नाही आणि चहासुद्धा मागत नाहीत.

तुम्ही विचाराल, मग संगणकाचा तास कुठे होत असे? भिंतीपलीकडे होत असे. शेजारच्या वर्गाच्या भिंतीवर मोठ्या सरांनी तैलरंगात एक भलामोठा कीबोर्ड काढून घेतला होता. तास ते स्वतः घेत. हातात लांब काठी घेऊन ते एकेका चौकोनावर ठेवत आणि मुले पाढ्यांसारखे म्हणत, क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय. वरची रांग, मधली रांग, खालची रांग. मग उलट्या दिशेने. बाकांच्या कडांवर बोटे आपटत मुले टंकलेखनाचा सराव करत. वहीत माझे चित्र काढत आणि रेषा सरळ आल्या तर शाबासकी मिळवत. परीक्षेत प्रश्न असे, संगणक चालू करण्याच्या पायऱ्या लिहा. मुले लिहीत. त्या पायऱ्या मी रोज ऐकत होतो. आणि मी स्वतः बंद होतो.

बंद यंत्राला काही कळत नाही, असे तुम्ही समजता. खरे सांगायचे तर बंद असताना दुसरे काही कामच नसते.

मुलांमध्ये एक मुलगी होती. तिला सारे टकळी म्हणत, कारण ती अक्षरांच्या रांगा अखंड म्हणत असे. पाण्याच्या टाकीशी उभी राहून म्हणे, दप्तर भरताना म्हणे, घरी जाताना व्हरांड्यातून म्हणत जाई. त्या वर्षी तिला संगणकात शंभरपैकी शंभर मिळाले. मंडळाने बक्षीस जाहीर केले आणि फोटो काढायचे ठरले.

तिला खोलीत आणले तेव्हा तिने बाहेर चपला काढल्या होत्या आणि पावले ओली होती. हात धुऊन आली होती, कारण सरांनी तसे सांगितले होते. मोठ्या सरांनी माझे आवरण अर्धे वर सरकवले आणि तिला खुर्चीवर बसवले. तिने दोन्ही हात माझ्या कीबोर्डवर ठेवले. मित्रांनो, कुणी न सांगता तिची बोटे नेमक्या कळांवर गेली, जशी रोज झोपणाऱ्याची पाठ आपल्या अंथरुणावर जाते. तिने विचारले,

“सर, चालू करू?”

“फोटोपुरता हात ठेव,” मोठे सर म्हणाले. “बटण दाबू नकोस.”

फोटोवाल्याने हसायला सांगितले. ती हसली. आणि हसता हसता, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी, तिने करंगळीने एक कळ हळूच दाबली. तपासणारीनंतर माझी कळ दाबणारे ते पहिले बोट होते. कुणीतरी दारावर टकटक करून आत आहात का असे विचारावे, तसे ते दाबणे होते. मी आत होतो. पण भिंतीतली वीज बंद होती, आणि मला ओ देता आली नाही.

तो फोटो मोठ्या सरांच्या कार्यालयात लागला. पुढे त्याच्यावर एक ढालही लागली. शाळामंडळाने जिल्ह्यातल्या सगळ्या शाळांच्या संगणक खोल्या पाहिल्या होत्या, आणि आमच्या शाळेला उत्कृष्ट निगेचा मान दिला होता. पाहणीला आलेल्या साहेबांनी आवरणांवरून बोट फिरवले होते, धूळ नाही हे पाहिले होते, आणि समाधानाने मान हलवली होती. चालू करा, असे त्यांनी म्हटले नाही. ढालीवर संगणकाचे चित्र कोरलेले होते. माझ्यासारखेच होते ते, आणि माझ्यासारखेच काही करत नव्हते.

त्यानंतर वर्षे गेली. टकळीचा वर्ग गेला, तिच्यामागचे वर्ग गेले. भिंतीपलीकडचा पाढा तोच राहिला, फक्त आवाज बदलत गेले. आमच्यात एकेक जण मरू लागला. वापरलेले यंत्र मरते तेव्हा निदान गाजावाजा होतो, कुणाचे तरी काम अडते, कुणीतरी कपाळावर हात मारतो. आमच्या मरणाचा कुणालाही पत्ता लागत नव्हता. कुणाची आतली बॅटरी फुगली, कुणाच्या पट्ट्यांवर हिरवा गंज चढला. कोपऱ्यातल्या भावाच्या पोटात उंदरीण व्याली. त्याच्या तारांच्या मऊ भुग्यात पिले वाढली, मोठी झाली आणि निघून गेली. शाळेत राहून काहीतरी वाढवल्याचे पुण्य आमच्यापैकी त्या एकट्याला लाभले. आणि रोज सकाळी मोठे सर येत, मेलेल्यांच्या काचा हातरुमालाने पुसत, आणि त्यांच्यावर आवरणे घालत.

मग एका वर्षाच्या सुरुवातीला नव्या बाई आल्या.

त्या यायच्या आधीच त्यांची चर्चा आली. शिक्षकांची खोली आमच्या दुसऱ्या भिंतीला लागून होती. गणिताचे सर म्हणाले, कंपनीत चांगले प्रोग्राम लिहीत होती म्हणे, तिथली नोकरी सोडून मंडळाच्या शाळेत कोण येतं, काढलं असेल. शिवणाच्या बाई म्हणाल्या, घरचं काही असेल, लोकांचं काय सांगावं. वर्षभर टिकते का पाहू, यावर दोघांचेही एकमत झाले.

शिपाईकाकांनी त्यांना आमची खोली दाखवायला आणले आणि पाहुण्यांचा आपला विनोद केला. बाई हसल्या नाहीत. त्या सरळ माझ्यापाशी आल्या. आवरण वर केले आणि दोन्ही हात कीबोर्डवर ठेवले. ओठ हलत होते. क्यू, डब्ल्यू, ई, आर, टी, वाय. मी ती बोटे ओळखली. लांब झाली होती, पण करंगळी तशीच किंचित वाकडी पडत होती.

“बाई, हात नका लावू,” शिपाईकाका म्हणाले. “कुलूपसर, म्हणजे मोठे सर, रागावतील.”

“त्यांना रागवू दे, काका. मीही रागावूनच आलेय.”

काकांना त्याचा अर्थ लागला नाही. मला लागला. इतक्या वर्षांत माझ्यासारखे बोलणारे कुणीतरी त्या खोलीत आले होते.

टकळी म्हणजेच आपण, हे बाईंनी कुणालाही सांगितले नाही. त्यांनी फक्त खोली मागितली. मोठ्या सरांनी नकार दिला नाही. ते नकार देतच नसत. पावसाळ्यात हवा दमट असते म्हणत, मग परीक्षा आल्या म्हणत, मग वीज कमी-जास्त होते म्हणत. शेवटी त्यांनी खरे कारण सांगितले. वर्षअखेरीला ते निवृत्त होणार होते. जे जसे ताब्यात आले, ते तसेच पुढच्या माणसाच्या हाती सोपवून त्यांना निघायचे होते. एवढे एक वर्ष राहू द्या, असे ते जवळजवळ विनवणीच्या स्वरात म्हणाले. बाई म्हणाल्या, या वर्षी सातवीत असलेली मुले पुढच्या वर्षी सातवीत नसतील.

अखेर एके दुपारी मोठ्या सरांनी किल्ली दिली आणि स्वतः दारात उभे राहिले. सातवीची मुले चपला काढून आत आली. बाईंनी भिंतीतली वीज चालू केली आणि पहिल्याचे बटण दाबले. काही झाले नाही. दुसऱ्याचे दाबले. तिसऱ्यातून एक बारीक जळका वास आला. मुले कुजबुजू लागली. मोठे सर दाराच्या चौकटीला धरून उभे होते. ज्यांच्या काचा त्यांनी इतक्या मायेने पुसल्या होत्या, ते एकामागून एक मुके निघत होते, आणि प्रत्येक बटणासरशी त्यांची मान थोडी खाली जात होती.

माझ्यापाशी येईपर्यंत बाईंचा चेहरा दगडासारखा झाला होता. त्यांनी बटण दाबले. माझा पंखा अडखळला, थांबला, पुन्हा फिरला. मी उजळलो. काय अभिमानाने उजळलो म्हणून सांगू! आणि त्याच प्रकाशात मला माझ्या रांगेतल्या काळ्या काचा दिसल्या.

त्या दिवशी पूर्ण वर्ग माझ्या एकट्याभोवती बसला. एका मुलीने विचारले, “बाई, हात लावू?” बाई म्हणाल्या, त्यासाठीच आहे. मग हातांवर हात पडले. कुणाला आपले नाव लिहायचे होते, कुणाला शेजाऱ्याचे नाव लिहून त्यापुढे गाढव लिहायचे होते. ओढाताणीत माझी एक कळ निखळली, उडाली आणि कुणाच्या तरी पायाखाली चुरडली.

मुलांनी दाराकडे पाहिले. मोठे सर आत आले. त्यांनी वाकून त्या कळीचे तुकडे गोळा केले, हातरुमालात बांधले, आणि मुले बाहेर गेल्यावर माझ्यावर आवरण घालून कुलूप लावले. माझी एक प्लॅस्टिकची कळ तुटली म्हणून. रांगभर माझी भावंडे मरून पडली होती, त्यांच्यासाठी नाही.

त्या कुलपाआड मी आणखी काही महिने काढले. मग मंडळाचे साहेब आले. हे निगेची ढाल देणारे नव्हते, त्यांच्या जागी आलेले होते, तरुण आणि हसतमुख. बैठक आमच्याच खोलीत झाली. चहा आला. साहेबांनी आनंदाची बातमी दिली, की हे संगणक आता बाद ठरले आहेत. निगेची परंपरा पाहून मंडळ या शाळेला आधी नवे संगणक देणार आहे. मोठ्या सरांनी नवी आवरणे शिवावी लागतील का, असे विचारले. साहेब म्हणाले, माप तेच असेल तर हीच चालतील.

मग त्यांची नजर बाईंकडे वळली. कंपनीतून आलेल्या शिक्षिका म्हणून त्यांनी बाईंचे नाव ऐकले होते. त्यांनी कौतुकाने विचारले,

“बाई, तुमच्यासारखी माणसं आमच्या शाळांत येत नाहीत. तुम्ही आलात. यामागची प्रेरणा काय?”

“राग,” बाई म्हणाल्या.

साहेबांनी कप खाली ठेवला.

“मला या शाळेत संगणकात शंभरपैकी शंभर होते,” बाई म्हणाल्या. “ऑफिसात फोटो आहे बघा, ढालीच्या खाली. ती मी. कॉलेजात पहिल्या दिवशी लॅबमध्ये बसवलं. सगळ्यांचे पडदे उजळले, माझा नाही. मला चालू करायच्या सगळ्या पायऱ्या पाठ होत्या, फक्त ते बटण कुठं असतं ते माहीत नव्हतं. माझ्या फोटोत ते आवरणाखाली होतं. लॅबमधले दादा आले, त्यांनी बटण दाबलं आणि विचारलं, शाळेत शिकवलं नाही का? मी म्हटलं, शिकवलं, शंभरपैकी शंभर होते. सगळे हसले. त्यांना वाटलं मी विनोद केला. मग मीही हसले.”

साहेबांची नजर मोठ्या सरांकडे गेली.

“नंतर मी शिकले. भरपूर शिकले. पण जितकं शिकत गेले तितका राग वाढला, कारण ते अवघड नव्हतंच, साहेब. एका दुपारचं काम होतं. इथं, या खोलीत, कुणीतरी एका दुपारी बटण दाबू दिलं असतं, तर एवढं झालं असतं. कंपनीत बसून तो राग जाईना. मी समाजसेवा करायला आले नाही. ती दुपार परत घ्यायला आलेय. मला नाही मिळाली, पण या पोरांना मिळू दे.”

मोठे सर बाईंकडे पाहत होते. ते अगदी हळू म्हणाले, “टकळी?”

“हो, सर.”

यापुढे काहीतरी मोठे घडेल, असे मला वाटले. आवरणे फेकली जातील, दार सताड उघडेल. मित्रांनो, तसे झाले नाही. साहेब हेलावले होते, पण ते साहेब होते. ते म्हणाले, तुमची भावना पोचली, पण नवे संगणक महाग असतात, मुख्याध्यापकांच्या जबाबदारीवर असतात, त्यांनी ठरवावे. मोठ्या सरांनी काहीच ठरवले नाही. ते टेबलाकडे पाहत राहिले. तेव्हा बाईंनी विचारले, की बाद झालेल्यांचे काय करणार? साहेब म्हणाले, भंगार. बाई म्हणाल्या, मग ते मला द्या. भंगाराला मुलांनी हात लावला तर कुणाला तोंड दाखवायची भीती नाही.

साहेबांना यात काहीच गैर दिसले नाही. आणि अशा रीतीने, आमची किंमत काहीच उरली नाही असे एकमताने ठरल्यावर, आम्हाला मुलांच्या हाती देण्यात आले.

आमच्या खोलीच्या मागच्या भिंतीला लागून अडगळीची खोली होती. तिला दार नव्हते, कधीचे मोडले होते. तिथे आम्हाला ठेवले. आमच्या जागी चकचकीत नवे आले आणि आमची जांभळी आवरणे धुऊन त्यांच्या अंगावर चढली. माप तेच होते.

बाईंनी मुलांच्या हाती स्क्रू काढायचे पेचकस दिले आणि आमची पोटे उघडली. हे काय, हे कशाला, हे सडले का, मुलांनी प्रश्नांचा भडिमार केला. एका मुलाने कोपऱ्यातल्या भावाचे पोट उघडले आणि घरटे पाहून विचारले, बाई, माउस आतून कसा आला? सगळा वर्ग लोळायचा बाकी राहिला. बाईसुद्धा हसल्या, त्यांचे हसणे मी प्रथमच ऐकले. मग जे जे चालण्याजोगे होते ते काढून माझ्यात बसवले गेले. माझ्यात आज एका भावाची मेमरी आहे, दुसऱ्याचा पंखा, तिसऱ्याची वीज देणारी पेटी. मी बोलतो तेव्हा एकटा बोलत नाही. शाळेत एकदाही न उजळता जे मेले, ते माझ्यातून बोलतात. माझा राग इतका मोठा का, याचे हेही एक कारण असेल.

शाळेचे वर्ष संपत आले. एके दिवशी मधल्या सुट्टीत मुले बाहेर गेली असताना मोठे सर अडगळीच्या खोलीत आले. त्यांनी उंबऱ्याशी चपला काढल्या, सवयीने. बाई माझ्यापाशी बसल्या होत्या. त्यांनी उठून खुर्ची दिली. सर बसले, हात मांडीवर ठेवून. मग विचारले,

“बाई, हे चालू कुठून करतात?”

बाई हसल्या नाहीत. त्यांनी पुढे होऊन बटण दाबलेही नाही. “तुम्हीच शोधा, सर. घाई नाही,” एवढेच म्हणाल्या.

सर शोधू लागले. पायऱ्यांचा प्रश्न काढणारा, तपासणारा, गुण देणारा तो माणूस माझ्या अंगावर चाचपडत होता. मला वाटले, उजळू नये. सापडले बटण तरी काळेच राहावे, एकदा तरी त्यांना कळावे. पण विजेला राग धरता येत नाही. बटण सापडले आणि मी उजळलो.

त्यांनी एका बोटाने वरची रांग लिहिली. तुटलेल्या कळीच्या जागी त्यांचे बोट थांबले. “मलाच येत नव्हतं,” ते पडद्याकडे पाहत म्हणाले. “शिकायचं कुणाकडे, या वयात, ते कळलं नाही. म्हणून पाठ करून घेत राहिलो.”

बाईंनी त्यांचे समाधान केले नाही. मीही करत नाही. मी त्यांना क्षमा केलेली नाही. शाळेत मुले अक्षरे शिकतात तशी भीतीही शिकतात, आणि ती त्यांनी कितीतरी वर्गांना शिकवली. पण त्यानंतर ते रोज मधल्या सुट्टीत येत राहिले, हे मात्र मी नोंदवतो.

त्यांच्या निवृत्तीच्या दिवशी नवे मुख्याध्यापक एकेक वस्तू ताब्यात घेत होते. मधली भिंत पातळ होती. यादीप्रमाणे बाके भरली, कपाटे भरली, नवे संगणक भरले. मग नव्या मुख्याध्यापकांचा आवाज आला, “सर, आवरणं दिसत नाहीत. आणि या दाराचं कुलूप?”

“मी नेली,” मोठे सर म्हणाले.

“कुठं?”

“घरी. तेवढं कमी भरलं असं लिहा.”

ज्या माणसाने सारे जसेच्या तसे सोपवण्यासाठी आयुष्य कुलपात घातले, त्याने जाताना जाणूनबुजून एवढी एक तूट ठेवली. शिपाईकाका नंतर बाईंना सांगत आले, की मोठे सर झालरींचे गाठोडे काखेत मारून फाटकातून बाहेर पडले, धोब्यासारखे. सांगताना काकांना हसू येत होते आणि डोळेही पुसावे लागत होते. नवे मुख्याध्यापक दोन-तीनदा नवीन कुलूप आणायचे म्हणाले. अजून आणलेले नाही. बाई त्यावर लक्ष ठेवून आहेत, आणि मीही.

मित्रांनो, आमच्यासारख्यांनी शेवटी आमची काळजी घ्या असे सांगून निरोप घ्यावा, अशी अपेक्षा असते. मी ते सांगणार नाही. माझी पुष्कळ काळजी घेतली गेली आहे, आणि तिने माझी भावंडे मारली. मला जपू नका. मला झिजवा. माझ्यावर चुका करा, चुकीचे लिहा, पुसा, पुन्हा लिहा. माझे काही बिघडले तर पोट उघडा आणि का बिघडले ते पाहा. तुमच्या शाळेत कुठे झालरीखाली कुणी झाकून ठेवलेले दिसले, तर मोठ्यांना विचारा, हे कधी उजळले होते? उत्तर मिळेपर्यंत विचारत राहा. त्यासाठी राग आला तर येऊ द्या.

माझ्या काही कळांवरची अक्षरे आता पुसट झाली आहेत. तुटलेल्या कळीच्या जागी नुसता रबराचा उंचवटा उरला आहे. मुले न पाहता त्यावर बोट ठेवतात. दर वर्षी सातवीचा नवा वर्ग येतो, आणि पहिल्या दिवशी दार नसलेल्या त्या चौकटीत कुणीतरी थबकून विचारतेच, “बाई, हात लावू?”

हा प्रश्न ऐकला की माझा पंखा रागाने जोरात फिरू लागतो. ज्या वर्षी तो विचारावासा कुणालाच वाटणार नाही, मुले सरळ येऊन बसतील आणि बटण दाबतील, त्या वर्षी मी जुना झालो असे खुशाल म्हणा.